नकार एक, बिलं दोन : केंटकीतल्या किम डेव्हिस प्रकरणाचा अभ्यास

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात किम डेव्हिस या काउंटी क्लर्कने २०१५ च्या उन्हाळ्यात समलिंगी विवाहांना विरोध म्हणून विवाह परवाने द्यायला नकार दिला. त्या नकारापोटी पुढे दोन बिलं निघाली. पहिलं २,२४,७०३ डॉलरचं, ते राज्याच्या तिजोरीवर पडलं. दुसरं भरपाई आणि वकिलांची फी धरून ३,६०,०८४ डॉलरचं, ते त्या बाईंच्या स्वतःच्या नावावर फाटलं. टेबल तेच, बाई त्याच, नकारही तोच. तरी एक बिल जनतेच्या खिशातून आणि दुसरं बाईंच्या. किम डेव्हिस म्हटलं की बहुतेकांना त्यांचा तुरुंगवास आठवतो. मला मात्र हा बिलांचा मामला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोर्टाचा आदेश न जुमानणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारायचा म्हणजे नेमका कोणाला, खुर्चीला की खुर्चीत बसलेल्या माणसाला, याचा निकाल तिथे लागला आहे. त्याला दहा वर्षं लागली.

पद आणि पदावरची व्यक्ती

रोवन ही पूर्व केंटकीतली डोंगराळ भागातली छोटी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. लोकवस्ती चोवीस हजारांच्या आसपास, मुख्य गाव मोरहेड, गावात एक विद्यापीठ. काउंटी क्लर्क हे तिथलं निवडून येणारं पद आहे. गाडीची नोंदणी, जमिनीचे दस्त, मतदार याद्या आणि विवाह परवाने ही त्याच्याकडची कामं. आपल्याकडे उपनिबंधक, आरटीओ आणि निवडणूक शाखा यांच्यात वाटलेली कामं एकाच खिडकीवर आली आणि त्या खिडकीमागचा माणूस दर चार वर्षांनी मतं मागायला दारात आला, तर जे चित्र होईल ते हे.

डेव्हिसबाईंच्या आईने हे पद ३७ वर्षं सांभाळलं. बाई स्वतः आईच्या हाताखाली दोन दशकांहून अधिक काळ उपक्लर्क होत्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर त्या निवडून आल्या, जानेवारी २०१५ मध्ये पदावर बसल्या. वर्षाला ८०,००० डॉलर पगार. त्यांचा मुलगाही त्याच कचेरीत उपक्लर्क. आपल्याकडच्या वाचकाला हे घराणं समजावून सांगायची गरज नाही.

२६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओबर्गफेल खटल्यात पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निकाल दिला : समलिंगी जोडप्यांना लग्नाचा घटनात्मक हक्क आहे आणि कोणतंही राज्य तो नाकारू शकत नाही. त्या निकालात केंटकीतले खटलेही होते, म्हणजे ‘हा निकाल आम्हाला लागू नाही’ म्हणायलाही जागा नव्हती. गव्हर्नर स्टीव्ह बेशीर यांनी त्याच दिवशी सगळ्या काउंटी क्लर्कना अंमलबजावणीचं पत्र पाठवलं. राज्यात १२० काउंट्या. दोनचार ठिकाणी कुरकुर झाली, बाकीच्यांनी मुकाट्याने नवे फॉर्म वापरायला घेतले.

डेव्हिसबाईंनी वेगळी वाट काढली. फक्त समलिंगी जोडप्यांना नाकारलं तर तो उघड भेदभाव ठरेल, म्हणून त्यांनी परवाने देणं सगळ्यांनाच बंद केलं. स्त्री-पुरुष जोडपं आलं तरी नाही. शिवाय हाताखालच्या उपक्लर्कनाही मनाई केली. माझ्या मते सगळं प्रकरण या दुसऱ्या गोष्टीवर उभं आहे. स्वतः सही न करणं ही एक गोष्ट झाली, ती सदसद्विवेकाच्या खात्यात टाकता येते. पण ज्याची सही करायला हरकत नाही त्याचाही हात धरायचा, हे विवेकाच्या खात्यात कसं बसवायचं? तिथे बाई आपलं नव्हे, खुर्चीचं वजन वापरत होत्या.

त्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. केंटकीच्या परवान्यावर काउंटी क्लर्कचं नाव छापलेलं असे. परवाना उपक्लर्कने दिला तरी नाव क्लर्कचंच. बाईंचं म्हणणं असं, की माझ्या नावाने हा कागद बाहेर पडतो म्हणजे माझ्या श्रद्धेविरुद्ध मी या लग्नाला मान्यता देते. आणि मी शपथ घेतली तेव्हा कायदा वेगळा होता. शेजारच्या काउंट्यांत परवाने मिळतायत, तासाभराच्या अंतरावर. मग माझ्यावरच सक्ती का?

जाब विचारायचे रस्ते, आणि ते कसे बंद होते

आता राज्याने काय करायचं? मतदार घरी बसवतील, पण पुढची निवडणूक २०१८ ला. गव्हर्नर निवडून आलेल्या क्लर्कला काढू शकत नाही. महाभियोग विधिमंडळानेच चालवायचा आणि विधिमंडळ जानेवारी २०१६ पर्यंत बसणार नव्हतं. खास अधिवेशन बोलवा, फॉर्म बदला, अशी मागणी झाली. बेशीर यांनी खर्चाचं कारण देऊन ती फेटाळली. बोलावलं असतं तरी तिथे बाईंविरुद्ध मत देणारे किती निघाले असते, हा प्रश्न होताच.

उरला फौजदारी रस्ता. कर्तव्यात कसूर केल्याचा गुन्हा केंटकीत आहे. काउंटीच्या सरकारी वकिलाने तक्रार राज्याचे ॲटर्नी जनरल जॅक कॉनवे यांच्याकडे सरकवली. त्यांनी विशेष वकील नेमायला नकार दिला. हे कॉनवे त्या वेळी गव्हर्नरपदाचे उमेदवार होते, मतदान दोन महिन्यांवर आलं होतं. आणि आणखी एक गंमत. २०१४ मध्ये एका संघराज्यीय न्यायाधीशाने केंटकीच्या समलिंगी विवाहबंदीविरुद्ध निकाल दिला, तेव्हा हेच कॉनवे म्हणाले होते की या बंदीचा बचाव मी अपिलात करणार नाही, माझ्या मनाला ते पटत नाही. सरकारला बाहेरचे वकील लावावे लागले. ‘त्यांच्या विवेकाला सवलत आणि माझ्या विवेकाला बेड्या?’ असा प्रश्न डेव्हिसबाईंच्या बाजूने पुढे सतत विचारला गेला. तो नुसता शेरा म्हणून सोडून देता येत नाही. फरक इतकाच, की कॉनवे यांनी हात काढून घेतल्यावर काम थांबलं नाही, दुसऱ्या कोणीतरी ते केलं. मोरहेडमध्ये खिडकीच बंद होती.

तुलनेसाठी अलाबामा पाहा. तिथले मुख्य न्यायाधीश रॉय मूर यांनी जानेवारी २०१६ मध्ये विवाह परवाने देणाऱ्या राज्यातल्या प्रोबेट न्यायाधीशांना असा आदेश काढला की राज्याची विवाहबंदी अजून लागूच आहे. पण न्यायाधीशांना शिस्त लावणारं स्वतंत्र न्यायासन अलाबामात आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये त्या न्यायासनाने मूर यांना उरलेल्या मुदतीसाठी बिनपगारी निलंबित केलं. काउंटी क्लर्कसाठी केंटकीत तशी हाताशी येणारी यंत्रणा नव्हती.

म्हणून ज्यांना परवाना हवा होता त्यांनीच कोर्ट गाठलं. २ जुलै २०१५ रोजी चार जोडप्यांनी नागरी हक्कांच्या संघटनेमार्फत, म्हणजे ‘एसीएलयू’मार्फत, दावा लावला; त्यातली दोन जोडपी स्त्री-पुरुषांची होती. दुसऱ्या एका समलिंगी जोडप्याने त्याच महिन्यात वेगळा दावा दाखल केला. त्यांनी भरपाईही मागितली होती. त्या वेळी याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

१ आणि ३ सप्टेंबर

दावा आला न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांच्यासमोर. त्यांना धाकट्या बुश यांनी नेमलेलं. वडील जिम बनिंग रिपब्लिकन सिनेटर. म्हणजे ‘उदारमतवाद्यांचं कोर्ट’ ही ओरड इथे चालण्यासारखी नव्हती. १२ ऑगस्टला त्यांनी परवाने देण्याचा अंतरिम आदेश काढला. शेजारच्या काउंटीत जाण्याच्या मुद्द्यावर त्यांनी उलट विचारलं, की जाता येत असेलही, पण या लोकांनी का जावं? इथेच राहतात, इथेच कर भरतात. बाई अपिलात गेल्या. सहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या संघराज्यीय अपील न्यायालयाने स्थगिती नाकारली, ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही नाकारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरहेडच्या कचेरीत पुन्हा जोडपी आली. मागे कॅमेरे, बाहेर दोन्ही बाजूंच्या घोषणा. काउंटरच्या आत डेव्हिसबाई, बाहेर तो वेगळा दावा लावणारं जोडपं. परवाने देत नाही म्हणता, मग कोणाच्या अधिकाराने, असं त्यांनी विचारलं. बाईंचं उत्तर दोनच शब्दांचं : देवाच्या अधिकाराने. लोकांनी जागचं हलायला नकार दिला. तुम्ही जा, असं म्हणून बाई आपल्या खोलीत निघून गेल्या. नंतर त्यांनी निवेदन काढलं, त्यात हा आपल्यासाठी स्वर्ग की नरक असा प्रश्न असल्याचं म्हटलं.

सर्वोच्च न्यायालयाने दार लावल्यानंतरचा हा नकार होता. आदल्या दिवसापर्यंत ती अपिलातली पक्षकार होती. आज ती आदेश मोडणारी अधिकारी झाली.

३ सप्टेंबरला ॲशलंडच्या न्यायालयात अवमानाची सुनावणी झाली. फिर्यादी जोडप्यांनी तुरुंग मागितलाच नव्हता, दंड मागितला होता. बनिंग यांनी दंड नाकारला, कारण समर्थक वर्गणी काढून तो भरतील आणि बाईंना त्याची झळही लागणार नाही. त्यांनी बाईंना मार्शलच्या ताब्यात दिलं. कार्टर काउंटीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

मराठी वाचकाला इथे २००६ आठवेल. मनाई असताना लाकूड गिरण्या चालू दिल्याबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे मंत्री सुरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एक महिन्याची साधी कैद सुनावली होती. पण ती झाल्या गोष्टीची शिक्षा होती, मुदत ठरलेली. केंटकीत झाला तो दिवाणी अवमान. त्याला मुदत नसते. आदेश पाळतो म्हणा आणि आत्ता घरी जा. नाही म्हणालात तर बसा. कुलूप कोर्टाचं, किल्ली कैद्याच्या खिशात. हेतू माणसाला धडा शिकवण्याचा नसून अडलेलं काम सोडवण्याचा असतो.

आणि काम सोडवलं ते तुरुंगाने नव्हे. बाईंना नेल्यावर बनिंग यांनी सहाही उपक्लर्कना एकेक करून शपथेवर विचारलं : परवाने द्याल का? पाच जण हो म्हणाले, काही जण अगदी नाइलाजाने. सहावा, बाईंचा मुलगा, नाही म्हणाला. न्यायाधीशांनी त्याला आत टाकलं नाही, पाच जण पुरेसे होते. मग त्यांनी बाईंना निरोप पाठवला की उपक्लर्कच्या कामात अडथळा आणणार नसाल तर सोडतो. वकिलांमार्फत उत्तर आलं, नाही. ४ सप्टेंबरला सकाळी मोरहेडमध्ये परवाने मिळायला लागले.

हे उलट क्रमाने करायला हवं होतं असं मला वाटतं. आधी उपक्लर्कना विचारलं असतं, त्यांच्यावर थेट आदेश काढला असता आणि बाईंना फक्त त्यांच्या आड न येण्याचं बंधन घातलं असतं, तर बहुधा तुरुंगाची वेळच आली नसती. आली असती तरी प्रश्न उघडा पडला असता : या बाई स्वतःच्या सहीसाठी आत गेल्यात की दुसऱ्याची सही रोखण्यासाठी? तसं न झाल्याने श्रद्धेसाठी तुरुंगात गेलेली आजी अशी प्रतिमा देशभर गेली. ८ सप्टेंबरला त्या सुटल्या तेव्हा तुरुंगाबाहेर व्यासपीठ तयार होतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत उतरलेले माइक हकाबी शेजारी उभे होते आणि टेड क्रूझही तिथे पोचले होते. महिना संपायच्या आत बाईंनी पक्ष बदलून रिपब्लिकन झाल्याचं जाहीर केलं.

सुटकेच्या आदेशात मात्र बनिंग यांनी नेमकं बोट ठेवलं होतं : उपक्लर्कच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, आणि उपक्लर्कनी दर १४ दिवसांनी अहवाल द्यायचा. हा कंटाळवाणा पाक्षिक अहवालच खरा लगाम. १४ सप्टेंबरला बाई कामावर रुजू झाल्या. त्यांनी फॉर्मवरून आपलं नाव काढून टाकलं, ‘न्यायालयाच्या आदेशानुसार’ असा मजकूर घातला, पण परवाने अडवले नाहीत.

पहिलं बिल

नोव्हेंबरमध्ये मॅट बेविन गव्हर्नर म्हणून निवडून आले, पडलेला उमेदवार म्हणजे तेच जॅक कॉनवे. बेविन यांनी प्रचारातच डेव्हिसबाईंची बाजू घेतली होती. डिसेंबरमध्ये त्यांनी आदेश काढून परवान्यावरून काउंटी क्लर्कचं नाव हटवलं, एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने तसा कायदा केला. साप मेला, काठीही शाबूत राहिली. मग डेव्हिसबाईंचे वकील कोर्टात म्हणाले, वादच मिटला, खटला निकाली काढा. तो काढलाही गेला.

पण जिंकणाऱ्या नागरिकाच्या वकिलाची फी हरणाऱ्या सरकारी पक्षाने द्यायची, असा अमेरिकेत नागरी हक्कांच्या दाव्यांसाठी कायदा आहे. ती कोणी द्यायची? जुलै २०१७ मध्ये बनिंग यांनी सांगितलं, राज्याने. विवाह परवाने देताना काउंटी क्लर्क काउंटीचं नव्हे, राज्याचं काम करतो. रक्कम खर्चासह २,२४,७०३ डॉलर.

यानंतरचं वाचताना मला हसू आवरलं नाही. बाईंना डोक्यावर घेणाऱ्या बेविन यांच्याच सरकारच्या वकिलांनी अपिलात भूमिका घेतली की चूक त्या एकट्या बाईंची, त्यांनी कायद्याने घालून दिलेलं कर्तव्य पाळलं नाही, करदात्यांनी का भरावं? व्यासपीठावर हात हातात, बिल आलं की हात वर. अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये हा पवित्रा फेटाळला. पैसे राज्याकडेच लागले.

जबाबदारी म्हणून पाहिलं तर हे बिल अर्धवट आहे. केंटकीतल्या ज्या करदात्याने मोरहेडचं नावही ऐकलं नसेल त्याने ते भरलं. हवं तर असं म्हणता येईल की आपल्या अधिकाऱ्यांना आवरण्याची यंत्रणा नसलेल्या राज्याला बसलेला तो दंड होता.

दुसरं बिल

दुसऱ्या जोडप्याचा भरपाईचा दावा बनिंग यांनी आधी निकालात काढला होता : परवाना मिळाला, आता वाद काय उरला? मे २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो जिवंत केला. परवाना नंतर मिळाला म्हणून आधी झालेला अन्याय पुसला जात नाही. भरपाई मागच्या काळाची असते.

या दाव्याचं हत्यार १८७१ सालचं आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेचा कहर चालू होता आणि तिथले अधिकारी तिकडे डोळेझाक करत होते, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेला हा कायदा. राज्याच्या सत्तेचा वापर करून कोणी नागरिकाचा घटनात्मक हक्क हिरावला, तर नागरिक त्या माणसावर व्यक्तिशः दावा लावू शकतो. अधिकाऱ्याकडे बचावाच्या दोन ढाली असतात. एक, राज्याचं सार्वभौम संरक्षण. ते खुर्चीला मिळतं, आणि ऑगस्ट २०१९ च्या निकालात खुर्चीपुरतं मिळालंही. दुसरी ढाल माणसासाठी. त्या वेळी हक्क पुरेसा स्पष्ट नसेल तर अधिकाऱ्याला वैयक्तिक भरपाई लागत नाही. ही ढाल अमेरिकेत भल्याभल्या पोलिसांना वाचवते. डेव्हिसबाईंना ती वाचवू शकली नाही, कारण हक्क याहून स्पष्ट कसा असणार? सर्वोच्च न्यायालयाचा ताजा निकाल आणि गव्हर्नरचं पत्र, दोन्ही समोर होतं.

मार्च २०२२ मध्ये बनिंग यांनी ठरवलं की बाईंनी फिर्यादींचा घटनात्मक हक्क मोडला. स्वतःच्या हक्काची ढाल करून सरकारी काम करताना दुसऱ्याचा हक्क तोडता येत नाही. ज्युरीपुढे प्रश्न उरला फक्त रकमेचा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या जोडप्यातल्या दोघांना प्रत्येकी ५०,००० डॉलर मंजूर झाले. तशीच तक्रार असलेल्या आणखी एका जोडप्याला मात्र एक पैसाही मिळाला नाही. नकार तोच, कायदा तोच. मनस्तापाची किंमत सिद्ध करणं ही वेगळीच लढाई असते. वर्षअखेरीस वकिलांची फी आणि खर्च म्हणून २,६०,०८४ डॉलर जोडले गेले. नाव सरळ किम डेव्हिस यांचं, राज्याचं नाही.

मधल्या काळात मतदारांनीही आपला हिशेब केला. २०१४ मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत बाईंनी एलवुड कॉडिल यांना अवघ्या २३ मतांनी हरवलं होतं. २०१८ मध्ये भरपाई मागणाऱ्यांपैकी एक स्वतः डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत उतरला आणि कॉडिल यांच्याकडून पडला. मग नोव्हेंबरमध्ये कॉडिल यांनी बाईंना सहाशेहून अधिक मतांनी हरवलं. आईपासून चालत आलेली खुर्ची गेली. समलिंगी जोडप्यांवरच्या प्रेमापोटी रोवन काउंटीने हे केलं, असं मात्र कोणी समजू नये.

शेवटचं अपील

२०२० मध्ये बाई एकदा सर्वोच्च न्यायालयात जाऊन आल्या होत्या. याचिका घेतली गेली नाही, पण न्यायमूर्ती थॉमस यांनी अलिटो यांच्या सहमतीने वेगळं टिपण लिहिलं, की ओबर्गफेल निकालाने श्रद्धावानांची कोंडी केली आहे आणि या बाई त्यातल्या शेवटच्या असणार नाहीत. ते टिपण हीच पुढच्या पाच वर्षांची आशा ठरली. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने भरपाई कायम केली. धर्मस्वातंत्र्य नागरिकाला सरकारपासून वाचवण्यासाठी आहे, आणि परवाना नाकारताना डेव्हिसबाई स्वतःच सरकार होत्या, असा त्या निकालाचा गाभा. जुलैमध्ये बाईंच्या वकिलांनी पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि या वेळी थेट मागितलं, की ओबर्गफेलच उलटवा. भरपाईच्या एका दाव्यावर स्वार होऊन देशभरातल्या लग्नांचा हक्क पाडायचा, असा तो बेत. काही महिने वर्तमानपत्रांत काळजीचे लेख आले. १० नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने याचिका एका ओळीत फेटाळली, कारण न देता. कोणाही न्यायमूर्तीने असहमतीचं टिपण जोडलं नाही, थॉमस आणि अलिटो यांनीही नाही.

बाई कोर्टात हरल्या, निवडणुकीत हरल्या, त्यांच्या नावावर साडेतीन लाखांहून अधिक डॉलरचं देणं लागलं. तरी पहिल्या दिवशी त्यांनी जे मागितलं होतं, परवान्यावर माझं नाव नको, ते २०१६ च्या कायद्याने सगळ्या क्लर्कना मिळालं, आणि त्याने कोणत्याही जोडप्याचं काही अडलं नाही. ही सोय बेशीर यांना २०१५ च्या जुलैतच करता आली असती का, यावर केंटकीत दोन मतं आहेत. माझं मत असं, की आली असती, आणि करायला हवी होती. पण ती झाली नाही म्हणून खिडकी बंद ठेवण्याचा आणि पाच उपक्लर्कना गप्प बसवण्याचा अधिकार बाईंना मिळत नव्हता. ज्युरीने किंमत लावली ती त्या बंद खिडकीची.